चहा ठेवू नका

बाबा, दिवाळीच्या थोडं आधी एका रविवारी आपल्या गावात चक्कीवाल्यांच्या घरी माझ्यासाठी चहा ठेवला गेला. एवढं वाचून तुम्हाला पुढचं बरंचसं कळेल, म्हणून तेच आधी लिहिते आहे. पत्रात उगाच लांबण लावलेली तुम्हाला चालत नसे. अकोल्याच्या होस्टेलवरून मी लिहिलेली पत्रं तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून मलाच परत पाठवायचात. शुद्धलेखन नव्हे, मजकूर. मी 'बरं वाटत नव्हतं' असं लिहिलं की त्याखाली रेघ, आणि बाजूला 'म्हणजे काय? ताप? किती?' खोलीतल्या मुली म्हणायच्या, तुझे वडील पत्र वाचत नाहीत, पेशंट तपासतात. मला राग यायचा, आणि पुढच्या पत्रात मी मुकाट्याने तापाचा आकडा लिहायची. आता मी साठीला आले, तुम्ही गेलात त्या वयाच्या जवळ पोचले, तरी आज कागद घेतल्यावर डाव्या बाजूला तुमच्या शाईसाठी जागा सोडली गेलीच.

तुम्ही रोग्याच्या घरी चहा घेत नव्हता, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. दिवसभर व्हिजिटा, प्रत्येक घरी कपभर म्हटलं तर मलाच ॲडमिट व्हावं लागेल, असं तुम्ही हसत सांगायचात. म्हणून कोणी ठेवतही नसे. आणि ठेवलाच, तर त्याचा अर्थ एकच होता. घरातलं माणूस महिनोन्‌महिने बाजेवर, दुखणं असं की शेजारीपाजारी झोपू शकत नाहीत, शहरात नेऊन आता उपयोग नाही असं तुम्हीच सांगितलेलं. अशा घरातून बोलावणं यायचं, तुम्ही जायचात, आणि तुम्ही आत बसलेले असताना स्वयंपाकघरात कोणीतरी न बोलता चुलीवर चहाचा गंज चढवायचं. वास आला की तुम्ही सगळ्यांना छपरीत पाठवून दार लोटून घ्यायचात. बाहेर आलात की हात धुवायचात, तो चहा प्यायचात आणि निघायचात. कोणी मागितलं नाही, कोणी दिलं नाही. पोलीस आले असते तरी त्यांना सांगायला कोणाजवळ एक शब्द नव्हता, आणि पोलीस यावेत असं कोणाच्या मनातही नव्हतं.

हे मला आईकडून कळलं, तेही तिने सांगितलं नाही. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, तिने कप पुढे केला आणि तुम्ही 'झाला' म्हणालात, की ती तुमच्या तोंडाकडे न पाहता उठायची आणि बंबात लाकडं घालायची. तुम्ही आंघोळ करून येईपर्यंत आम्हा भावंडांना स्वयंपाकघरात बोलायची बंदी. मग एकदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे आजोबा असे गेले. तेराव्यानंतर तिची आई आपल्या दारात आली आणि रडत तुमच्या पाया पडली. मी परकरी पोर होते, खांबाला धरून उभी होते, आणि मला तुमचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी शाळेत मी उगाच त्या मैत्रिणीजवळ जाऊन बसले. तो अभिमान पुढे डॉक्टर झाले तरी गेला नाही. अमरावतीला ज्या दवाखान्यात मी काम करते तिथे मध्यंतरी टीव्हीवरच्या एका बातमीची फार चर्चा चालली होती. दूर कुठल्याशा देशातली नर्स, वॉर्डातल्या पेशंटना सुया देऊन मारत होती आणि वर्षानुवर्षं कोणाला कळलं नव्हतं. आमच्याकडची तरुण पोरं म्हणाली, राक्षस आहे ही. एकीने मला विचारलं, मॅडम, घरच्यांना कसं कळत नसेल हो? मी चष्मा पुसत बसले. मनात मी तुम्हाला असल्या माणसांपासून कधीच वेगळं काढून ठेवलं होतं. ती मारत होती, तुम्ही सोडवत होतात. गावात सगळे तोच शब्द वापरत. 'डॉक्टरसायबांनी सोडवलं.'

चक्कीवाले भाऊ तुम्हाला आठवत असतीलच. दवाखान्यासमोरची ती पिठाची चक्की, दिवसभर फट्‌फट्, आणि भाऊंच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. तुम्ही त्यांना म्हणायचात, तुझं वय काही कळत नाही लेका. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अमरावतीला माझ्याच देखरेखीखाली होते, मग घरी नेलं. त्यानंतर घरचे फोन करत राहिले, मी सांगत राहिले; पाठीला जखमा पडल्या, भरल्या, पुन्हा पडल्या. मग त्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "आत्या, रविवारी येऊन जाजा," एवढंच म्हणाला. मी विचारलं, काही वाढलं आहे का. मग तो म्हणाला, "नाई. चहा प्यायले या."

मी फोन ठेवला. आपल्या गावात असं बोलणं अजून जिवंत असेल याची मला कल्पना नव्हती. पोराचा जन्म तुमच्या शेवटच्या वर्षांतला, त्याने तुम्हाला नीट पाहिलेलंही नसेल, तरी वाक्य बरोबर त्याच्यापर्यंत पोचलं होतं. फोनवरच नाही म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांचा घरोबा, आणि हे बोलणं तोंडावर व्हायला हवं, असं वाटून मी जायचं ठरवलं. मी नाही म्हणायलाच निघाले होते. तुमची कातडी बॅग मी स्वतः भरली आणि एकटीच गाडी चालवत गेले.

तिवस्याला वळल्यावर रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते, सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली होती. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणजे भाजणी दळायला बायकांची रांग लागण्याचे दिवस, आणि गावात शिरले तर चक्की बंद. छपरीत मुलगा उभा होता, मला पाहून त्याने मान खाली घातली. वहिनी कुठे, म्हणून मी विचारलं. चक्कीवाल्या भाऊंची बायको, जिच्या माहेरी मी अकोल्याला जाताना लाडवांचे डबे पोचवत असे, ती. तो म्हणाला, मायले आज कौंडण्यपूरले पाठवलं, दर्शनाले. तिला घरात नको असलेली गोष्ट घडणार होती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

भाऊंची बाज आतल्या खोलीत होती, जिथे पूर्वी त्यांच्या आईची असायची. आजीला तुम्ही ओळखत होतात, मी कशाला सांगू. भाऊंना आंघोळ घातलेली, दाढी केलेली, मिशा कातरलेल्या, अंगात कोरी बंडी. सून पोटच्या मुलीसारखी करत होती, हे त्या खोलीत पाऊल टाकताच दिसत होतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली, आणि डेटॉल नि पावडर यांच्याशिवाय कसला वास नाही. मी बॅग बाजेवर त्यांच्या डाव्या अंगाला ठेवली आणि पाठीची जखम पाहिली. खोल होती, पण पू नव्हता. तेवढ्यात आल्याचा वास आला. पाठोपाठ कपबश्यांचा आवाज. मुलगा दारात येऊन माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमी छपरीत आहो आत्या," आणि त्याने दार ओढून घेतलं.

मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते, आणि त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. बाबा, त्यांनाही वास आला होता. चाळीस वर्षांपूर्वी याच दाराच्या बाहेर ते बसले होते, आत तुम्ही होतात आणि बाजेवर त्यांची आई. नवी बंडी कशासाठी, दाढी कशासाठी, बायको घरात का नाही, हे सगळं ते सकाळपासून जोडत आले असणार आणि आता बेरीज पुरी झाली होती. मी नाडी पाहायला हात पुढे केला आणि त्यांनी तो डाव्या हाताने धरला. जन्मभर गव्हाची पोती उचललेला हात. माझं मनगट दुखायला लागलं. मी म्हटलं, भाऊ, मी आहे. ते ऐकून त्यांनी आणखीच आवळलं, कारण मी कोणाची मुलगी हे त्यांना चांगलं माहीत होतं. घशातून एक आवाज यायला लागला, हलका, चक्कीचा पट्टा सरकताना यायचा तसा. मला भीती वाटली. त्यांची नाही, मला त्या खोलीत तुमच्या जागी उभं असल्याची भीती वाटली.

मग मी त्यांना विचारलं. "भाऊ, तुमाले जगायचं आहे काय? हाव असन तं हात दाबा." म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की हात त्यांनी आधीच आवळून धरला आहे, त्यावरून काय समजायचं. म्हणून म्हटलं, आधी सोडा, मग दाबा. ते सोडेनात. सोडलं तर मी काहीतरी करीन, असं त्यांना वाटत होतं. मी दुसरा हात त्यांच्या छातीवर ठेवून तशीच थांबले. शेवटी त्यांनी बोटं सैल केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दाबलं. थांबून पुन्हा दाबलं. चांगल्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं, ते मी पदराने पुसलं. इतकी वर्षं डॉक्टरकी केली, पण हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता. बाजेवरच्या माणसाला सोडून आपण सगळ्यांना विचारत असतो.

मी दार उघडायला उठले, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा मोठा आवाज झाला. बाहेर येऊन पाहते तर न्हाणीच्या तोंडाशी चहा सांडलेला, गंज उपडा, आणि वहिनी हात झटकत उभी. परतताना तिला गावातलाच ऑटो मिळाला होता आणि ती सगळ्यांच्या अंदाजाआधी घरी पोचली होती. छपरीत गुमसुम बसलेला मुलगा, लोटलेलं दार आणि गॅसवर उकळता चहा, एवढं पाहून तिने तो गंज उघड्या हातांनी उचलून फेकला होता. ती माझ्या बाजूने सरळ आत गेली, भाऊंच्या नाकाशी बोटं धरली, श्वास लागल्यावर बाजेच्या कडेवर बसली. हात भाजलेत, पाण्यात धर, असं मी म्हटलं तर तिला ते ऐकूही आलं नाही. मुलगा मागे येऊन उभा राहिला. त्याला राग आला होता आणि लाजही वाटत होती. "आजीले यायच्या बाबांनी सोडवलं ना," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "मंग माह्या बापाचेच हाल काऊन?"

वहिनी त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "सोडवलं नाई रे तुह्या आजीले."

मग तिने सांगितलं. ती त्याच वर्षी लग्न होऊन अकोल्याहून आली होती. आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं, पोळ्यापासून त्या पडूनच, आणि रात्री फार ओरडायच्या, हे खरं. पण त्या आठवड्यात त्यांना उतार पडला होता. त्या दिवशी सकाळी त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि नव्या सुनेला माहेरचं काय काय विचारत होत्या. तुम्ही दुपारी नुसते पाय पाहायला आलात. घरात दुसरी बाई नव्हती, भाऊ समोर चक्कीवर. आणि नवी सून, जिच्या माहेरी दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय हलू देत नाहीत, तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि चहा ठेवला. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. असल्या गोष्टी कोण सांगतं नव्या नवरीला. तुम्हाला वास आला. तुम्ही दार लोटलंत. भाऊ चक्कीवरून आले, दार लोटलेलं पाहिलं, चहा उकळताना पाहिला, आणि त्यांना वाटलं आतून काहीतरी बिनसलं असेल, डॉक्टरांनीच सांगितलं असेल. ते छपरीत जाऊन बसले. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने ठरवलं आहे.

"तुमचे बाबा बाहीर आले," वहिनी मला म्हणाली, "तं मी दोन कप घेऊन उभी होती. म्या म्हनलं, एक तुमाले, अन् हा मायले. सकायपासून मागून रायल्या त्या चहा. डॉक्टरसायबांनी त्या दुसऱ्या कपाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. अन् तिथंच पायरीवर बसले खाली. कपाले हात नाई लावला."

आजी गेल्याचं कळून जमलेल्या बायकांनी तिला मिठीत घेतलं. पुढे तेराव्याच्या दिवशी एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की नवी असून धीराची निघालीस, बुढीचे हाल संपवलेस. तेव्हा तिला चहाचा अर्थ कळला. भाऊंनी तिला कधी काही विचारलं नाही. फक्त कितीतरी महिने तिच्या हातचा चहा घेतला नाही, उठून चक्कीवर जायचे आणि तिथे मागवायचे. त्यांना वाटलं असेल हिने मुद्दाम ठेवला. ती सांगायला धजली नाही, कारण सांगायचं म्हणजे आपण काय केलं ते मोठ्याने बोलायचं. मग मुलं झाली, संसार झाला, आणि ते तसंच राहिलं. आता भाऊंच्या कानावर हे पहिल्यांदा पडत होतं, ते टक लावून तिच्याकडे पाहत होते. तिने त्यांचा हात स्वतःच्या भाजलेल्या हातात घेतला आणि मला विचारलं, "ताई, मी मारलं काय त्यायले?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. माझ्या बाबांनी मारलं."

हा शब्द तुमच्यासाठी मी पहिल्यांदा वापरला, आणि तो वापरायला मला काही कष्ट पडले नाहीत, हेही तुम्हाला सांगून ठेवते. मग सून दारातून पुढे आली. ती इतका वेळ कपबश्या हातात घेऊनच उभी होती. ती म्हणाली, "तुमी आता अमरावतीले निघून जासान आत्या. जखम मले धुवा लागते. रातभर ते कन्हतात, ते मले आयकू येते." तिचं काही चूक नव्हतं. मी त्या दिवशी तिला कुशीवर कसं वळवायचं ते पुन्हा दाखवलं, कोपर कुठे लावायचं ते दाखवलं, हवेची गादी पाठवते म्हणाले, आमच्याकडची एक अनुभवी बाई आठवड्यातून दोनदा येईल असं पाहते म्हणाले. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. डॉक्टर लोक दारातून निघताना खूप काही म्हणतात.

परतीच्या रस्त्यावर मला त्या वर्षीची दिवाळी आठवली. मी अकोल्याहून सुट्टीला आले होते. बाहेरगावचे लोक म्हातारं माणूस बैलगाडीत घालून घेऊन आले होते, दवाखान्याच्या ओट्यावर टेकले होते, आणि मला त्यांची दया आली म्हणून मी घरात जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. तुम्ही स्वयंपाकघरात आलात. "कोनी सांगितलं होतं तुले?" तुम्ही म्हणालात, आणि चुलीवरून तो गंज उतरवून माझ्यासमोर उपडा केलात. चुलीतली राख भिजून वर उडाली. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे मी दिवाळीभर तुमच्याशी बोलले नाही. आई म्हणाली, त्यांचं पित्त वाढलं आहे, चहासुद्धा सोडला आहे. आम्ही सगळ्यांनी तुमची थट्टा केली. मोठ्या भावाने तर भाऊबीजेच्या जेवणानंतर मुद्दाम तुमच्यासमोर बशीत ओतून फुर्रकन प्याला. तुम्ही हसलात. मला ते हसणं आता आठवलं आणि तिवस्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागली.

तुम्हाला माहीत होतं. त्या दुसऱ्या कपाकडे पाहिल्यापासून माहीत होतं. त्यानंतर दहाएक वर्षं तुम्ही जगलात, व्हिजिटा केल्यात, लोक तुमच्या पाया पडत राहिले आणि तुम्ही पाय मागे घेतले नाहीत. समोरच्या चक्कीवर एक बाई रोज मान खाली घालून दळण घेत बसायची, तिला रस्ता ओलांडून जाऊन एक वाक्य तुम्हाला सांगता आलं नाही, की पोरी, तुझा यात काही दोष नाही. मला हे फार लागलं आहे, बाबा. आजीला मारलंत त्याहूनही हे जास्त लागलं आहे, हे बरोबर आहे की नाही मला कळत नाही. आणि ज्या घरांत चहा खरंच जाणूनबुजून ठेवला होता, तिथलं काय? मैत्रिणीच्या आजोबांना तुम्ही विचारलं होतं? मला तुम्ही तापाचा आकडा विचारायचात, त्यांना काय विचारलंत? त्यातल्या कोणी तुमचा हात धरला होता का, आणि धरला तर तुम्ही तो कसा सोडवलात? हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

मी पास झाले तेव्हा तुम्ही अकोल्याला आलात. होस्टेलच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे राहून तुम्ही तुमची बॅग मला दिलीत. आतून बाहेरून पुसलेली, रिकामी, नवं कुलूप बसवलेलं. तुम्ही म्हणालात, "रोग्याले इचारल्याबिगर यातलं काही काढू नको." मला वाटलं, दुखणं कुठे, कधीपासून, हे नीट विचारायचं असं तुम्ही सांगता आहात. मी हो म्हटलं आणि बॅग किती जड आहे याचीच तक्रार केली. तुम्ही तिथे आणखी काही बोलणार होतात असं आता मला वाटतं, पण मला तसं वाटावं अशी माझी इच्छा आहे म्हणूनही असेल.

त्यानंतर मी जमेल त्या रविवारी गावात जाते. गादी पोचली, बाई येते, सुनेच्या डोळ्यांखालचं काळं थोडं कमी झालं आहे. पाठीची जखम भरत आली आहे. भाऊ फार दिवस काढतील असं नाही, ते मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे, भाऊंनाही सांगितलं. चक्की सुरू झाली. वहिनी आता त्यांना बशीने चहा पाजते, आणि ते तिच्या हातून घेतात, अर्धा मिशांवर सांडतो. मी गाडीतून उतरले की छपरीतूनच, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते, "चहा ठेवू नका." पहिल्या वेळी सून चपापली. आता ती नुसती हो म्हणते. आत गेल्यावर भाऊंचा चेहरा निवांत असतो. बॅग मात्र मी गाडीतच ठेवते. ती पाहिली की त्यांचं लक्ष तिच्यावरून हटत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि तुमची लाल शाई काही येणार नाही, तेव्हा दुरुस्ती मीच करते. वर मी लिहिलं आहे की मी नाही म्हणायलाच निघाले होते. नाहीच म्हणायचं असतं तर मॉर्फिनची कुपी दवाखान्याच्या कपाटातच राहिली असती. मी ती शनिवारी काढून, रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली होती. आणि नाडी पाहायला हात पुढे केला असं लिहिलं आहे, तेही खरं नाही. मुलाने दार ओढून घेतलं तशी मी आधी बॅग उघडली. भाऊंनी माझा हात धरला, तेव्हा तो बॅगेत होता.